गिअरबॉक्स दाजींच्या हातात गेला

आमच्याकडे जावयाला काही विचारत नाहीत. आणखी वाढू का, एवढंच विचारतात आणि उत्तराची वाट न बघता वाढतात. पण हे तुमच्यामुळे बिघडलं का, असं जावयाला विचारायची पद्धत नाही. जावयाच्या हातून काचेचा ग्लास फुटला तर ग्लासच मेला तकलादू होता, असं म्हणून दुसरा आणायचा. लहानपणापासून मी हेच बघत आलो होतो. त्यामुळे माझी चारचाकी माझ्या दाजींच्या हातात मोडली तेव्हा मी तोंड मिटून घेतलं. आतून माझा नुसता जळफळाट होत होता, ही गोष्ट वेगळी.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. हिंगोली जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातल्या कारकुनानं नवी गाडी घ्यावी, ही आमच्या गल्लीत बातमी होती. गाडी पांढरी, लहानशी. दर रविवारी मी तिला अंगणात धुवायचो, पुसायचो, पुन्हा पुसायचो. बायको म्हणायची, मला एवढं कधी बघितलं नाही. गॅरंटी होती तोवर गाडीनं एकदाही त्रास दिला नाही, आणि गॅरंटीचा उपयोगच करावा लागला नाही म्हणून मी चारचौघांत मिरवायचो. आता आठवलं की हसू येतं.

चालवायचो मात्र भीत भीत. ऑफिस, बाजार, कामानिमित्त फार तर सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत. समोरून ट्रक आला की मी गाडी कडेला घेऊन उभा राहायचो. म्हणून आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला ठरलं तेव्हा आम्ही दाजींना बोलावलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे मालक. शिरड शहापूरला राहायचे आणि ट्रक चालवायचे. वसमतच्या मार्केटातून हळद भरायची आणि सांगलीला नेऊन टाकायची, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. सगळ्या पाहुण्यारावळ्यांत त्यांच्या हाताचं नाव होतं. त्यांच्या गाडीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही झोप लागते, असं लोक सांगायचे.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्याला पट्टी बांधलेली आई आणि ताई मागं, मी पुढं, दाजी स्टेअरिंगवर, असे आम्ही परत निघालो. वारंगा फाट्याला उसाची ट्रॉली आडवी आली. दाजींनी वेग कमी केला, गिअर खाली घेतला, आणि गाडीच्या पोटातून आधी करकर आणि मग धाडकन आवाज आला. गिअरची दांडी त्यांच्या हातात नुसती डुलायला लागली. गाडी घरंगळत एका टायरवाल्याच्या दुकानापुढं जाऊन थांबली ती थांबलीच.

पहिला आवाज निघाला तो आईचा. ती म्हणाली, "पाव्हण्यांनी सकाळपासून काही खाल्लं न्हाई. जा, भजे आण."

मी भजी आणली. टायरवाल्याच्या बाकड्यावर बसून आम्ही चौघांनी ती खाल्ली, तोंडं रस्त्याकडे आणि पाठ गाडीकडे करून. मी कालव्याला यंदा पाणी कधी सुटणार यावर बोलत होतो. दाजींनी दोन-तीनदा माझ्याकडे बघितलं. मी प्रत्येक वेळी दुसरीकडे बघितलं. त्यांना अवघड वाटू नये, एवढाच त्यात हेतू होता. शेवटी गाडी तिथंच ठेवली आणि प्रवासी जीपमध्ये स्वतःला कोंबून हिंगोलीला आलो.

पुढचा घोळ आईनं घातला, तोही रीतीला धरून. जावई आपल्या कामासाठी खपला तर त्याला कपडे करायचे, म्हणून तिनं ऑपरेशनच्या आधीच पॅंटपीस आणि शर्टपीस आणून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी दाजी आणि ताई निघाले तेव्हा तिनं कुंकवाशिवायच, आमच्या पद्धतीनं, फक्त हात जोडून ते दाजींच्या हातावर ठेवले. दाजींचा चेहरा उतरला. मला ते दिसलं, पण जावयाला काय झालं म्हणून कसं विचारणार? त्यांनी जयभीम केला, मी जयभीम केला, आणि ते गेले.

मग माझी वणवण सुरू झाली. ज्या शोरूममधून गाडी घेतली होती तिथं गेलो. तिथल्या माणसानं गॅरंटीची तारीख बघितली आणि माझ्याकडे कीव करत असल्यासारखं बघितलं. पूर्ण गिअरबॉक्स नवीन टाकावा लागेल, म्हणाला, आणि आकडा सांगितला. तो आकडा घरी सांगितल्यावर बायको हातातली भाजी तशीच ठेवून बाहेर जाऊन बसली. गाडी भंगारात घालावी की काय, इथपर्यंत माझी मजल गेली. वारंग्याच्या टायरवाल्याचे निरोपावर निरोप येत होते की साहेब, तुमची गाडी न्या, माझ्या गिऱ्हाइकांना जागा राहिली न्हाई.

तेवढ्यात जयंती आली. चौदा एप्रिलला ताई आली नाही असं लग्न झाल्यापासून कधी घडलं नव्हतं. लेकरं आजारी असोत, दाजी ट्रकवर असोत, पांढरी साडी नेसून ती सकाळच्या वंदनेला आमच्या विहारात हजर असायची. त्या वर्षी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला की जमणार नाही. काहून जमणार न्हाई, हे आईनं विचारलं तर फोन ठेवला गेला. मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा आई ओट्यावर बसून होती. नुकताच नीट झालेला डोळा ती सारखा पदरानं टिपत होती. मला म्हणाली, "पोरीचं घर आपल्यासाठी बंद झालं का रं?"

तेव्हा मला गिअरबॉक्सचं काही वाटेना झालं. लोखंड तुटलं तर पैसे टाकून दुसरं मिळतं. पण ताई येईनाशी झाली तर आई ते सोसणार नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो.

गाडी मात्र अजून टायरवाल्याच्या दारात होती. ऑफिसातल्या एकानं नांदेडच्या एका मिस्त्रीचं नाव सांगितलं, तो मेलेल्या गिअरबॉक्समध्ये जीव घालतो म्हणाला. गाडी ओढत त्याच्याकडे नेली. हे मिस्त्री म्हणजे मोठं प्रस्थ. पांढरा कुर्ता, तोंडात पान, स्वतः पान्याला हात लावायचा नाही, खुर्चीत बसून चार माणसांवर ओरडायचं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "किसके हाथ में टूटा?"

"आमच्या दाजींच्या," मी म्हणालो.

"दाजी किधर हैं?"

दाजी शिरडला आहेत, आणि त्यांचा इथं काही संबंध नाही, गाडी माझी आहे, पैसे मी देणार आहे, असं मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. मिस्त्रींवर काही परिणाम झाला नाही. गाडी एकाची आणि चालवणारा दुसरा असेल, तर दोघं समोर बसल्याशिवाय ते गिअरबॉक्स खोलत नसत. त्यांच्या गॅरेजचा तो नियमच होता. मागं एकदा दोन भाऊ याच जागी एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते, एक म्हणे ह्यानं तोडला, दुसरा म्हणे मिस्त्रीनं पुर्जा बदलला. "दाजी को लाओ, फिर बात करो," म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी रागानं तो प्यायलो नाही आणि उपाशी शिरडला गेलो.

दाजी दारातल्या बाजेवर बसले होते. ताईनं पाणी दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी घसा खाकरून मिस्त्रीचं म्हणणं सांगितलं.

"मी काहून येऊ?" दाजी म्हणाले. "माझ्या नावानं पावती फाडायची आसंल तर इथूनच फाडा. तुमी तर आधीच फैसला करून बसले."

"कसला फैसला, दाजी? आमी तर एक शब्द बोललो न्हाई."

"तेच म्हणून राहिलो मी. एक शब्द बोलले न्हाई तुमी. भजे खाऊ घातले. दुसऱ्या दिवशी मामींनी कपडे केले. गाडी मोडणाऱ्याला कोणी कपडे करतं का? मला बराबर समजलं, कपडे देऊन वाटंला लावलं तुमी."

मामी म्हणजे आमची आई, सासूला ते मामीच म्हणायचे. ते कपडे आधीच आणलेले होते, हे मी सांगितलं. तुमचं मन दुखू नये म्हणून गप्प बसलो, हेही सांगितलं. "जावयाला कसं इचारणार, दाजी?"

"जावयाला नका इचारू," ते म्हणाले. "डायवरला तर इचारसान? इतक्या वर्षांत माझ्या हातून गाडी खराब झाली न्हाई, आन त्याच हातात तुमची मोडली, तर झालं काय हे मला कोणी इचारू नये?"

ताई चुलीपाशी जाऊन उभी राहिली होती. तिची पाठ आमच्याकडे होती, पण कान इकडेच होते. मी बाजेवर त्यांच्या शेजारी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरातली रीत मोडली. विचारलं, "दाजी, गाडीला काय झालं होतं?"

दाजींनी सांगितलं. हिंगोलीहून जातानाच त्यांना आवाज आला होता. तिसऱ्या गिअरला बारीक रडल्यासारखा. कळमनुरीच्या पुढं तो वाढला. पण सासरच्या नव्या गाडीत जावयानं खोट काढायची कशी? काही दाखवून दिलं की लोक म्हणणार, जावयाला सासरचं काहीच गोड लागत नाही. म्हणून त्यांनी सगळी वाट हलक्या हातानं गाडी चालवली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

म्हणजे ते माझ्या मानासाठी गप्प होते आणि मी त्यांच्या मानासाठी. मला एकाच वेळी हसू आलं आणि संतापही. दाजी उठले, शर्ट घातला आणि म्हणाले, चला.

मिस्त्रींनी आमच्यासाठी दोन स्टुलं मांडली. खाली स्वच्छ फडकं अंथरलं आणि त्यांच्या माणसांनी एकेक भाग काढून त्यावर ठेवायला सुरुवात केली. दाजी पुढं वाकून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यात दाबलेले. मी गाडीकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होतो. त्यांची चूक निघू नये, एवढं एकच माझ्या मनात होतं. खर्च दुप्पट आला तरी चालेल, असंसुद्धा वाटून गेलं, आणि माझ्यासारख्या माणसाला असं वाटणं साधी गोष्ट नव्हे.

झाकण निघालं आणि करपलेला वास आला. मिस्त्री खुर्चीतून उठले, पांढऱ्या कुर्त्याची बाही वर केली, आत बोट फिरवून आमच्यापुढं धरलं. बोट कोरडं होतं. ऑईलचा थेंब नव्हता. एक रबरी सील कडक होऊन चिरलं होतं आणि त्यातून कित्येक महिने ऑईल ठिबकत राहिलं होतं. त्यानं बेअरिंग गेलं आणि बेअरिंगनं गिअरच्या दोन चाकांचे दात खाल्ले.

दाजी म्हणाले, "मला आवाज आला होता. तरी मी चालवली."

"आवाज आया मतलब तभी गया था," मिस्त्री म्हणाले. "आपके हाथ से नहीं टूटा. दूसरा कोई होता तो कळमनुरी में ही खड़ी हो जाती."

माझा जीव भांड्यात पडला. दाजींनी पाणी मागितलं आणि तांब्या तोंडाला लावून सगळा रिकामा केला. नवा गिअरबॉक्स लागणार नव्हता. सील, बेअरिंग, दोन चाकं आणि मजुरी, एवढ्यात भागणार होतं. साठवलेल्या पैशांची वाट लागलीच, पण शोरूमवाल्याच्या आकड्यापुढं ते काहीच नव्हतं. मी मिस्त्रींचा आधीचा न प्यालेला चहा मागून घेतला आणि दोन कप प्यालो.

आठवड्यानं गाडी तयार झाली. आणायला आम्ही दोघंच गेलो. मी किल्ली दाजींपुढं धरली. ते स्टेअरिंगवर बसले, पहिला, दुसरा, तिसरा गिअर टाकत कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. नांदेडच्या बाहेर पडल्यावर त्यांनी गाडी वारंग्याच्या रस्त्याला घातलीच नाही. वसमतकडे, शिरडच्या वाटेला वळवली. मी विचारलं नाही, कारण आता विचारायची गरज नव्हती.

शिरडला ताई दारात उभी होती. दाजींनी इंजिन चालूच ठेवलं. काच खाली करून म्हणाले, "लेकरांला घे. मामीकडं जायचं."

हिंगोलीला पोहोचलो तेव्हा आई ओट्यावर होती. तिनं नातवंडांना जवळ घेतलं, ताईच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग जावयाकडे वळली. मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं. सवयीनं मला वाटलं, आता ही भजी तळायला घेणार.

"पाव्हणे," ती म्हणाली, "मला रोज वाटायचं तुम्हाला इचारावं. गाडीला झालं तरी काय होतं?"

दाजींनी खुर्ची ओढली, आईच्या नीट झालेल्या डोळ्यासमोर येईल अशी ठेवली आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आई मध्ये मध्ये व्हय, व्हय म्हणत होती. ताई दारातच उभी राहून ऐकत होती, हातात पिशवी तशीच धरून. दाजी वारंगा फाट्यापर्यंत आले तेव्हा तिनं पिशवी खाली ठेवली.