बुडखा मावळतीला

आमचं शेतावरचं घर पाहायला आलेला माणूस आधी भिंतीवर बोटांनी टकटक करतो आणि मग विचारतो, "खरंच लाकडाचं हाय का?" खरंच आहे. सागाच्या गोल बल्ल्या एकीवर एक रचून ते उभं केलेलं आहे, आणि ते आम्ही नवरा-बायकोनं बांधलं. त्याआधी आम्हा दोघांपैकी कुणी साधं कोंबड्यांचं खुराडंही बांधलेलं नव्हतं.

सगळं सुरू झालं ते एका कॅलेंडरामुळे. महाराष्ट्र होऊन चार-दोन वर्षं झाली असतील. जानेफळला आमच्या ओसरीवर बियाण्याच्या दुकानातून आलेलं एक कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर कुठल्याशा बर्फाच्या डोंगरातलं ओंडक्यांचं घर होतं. आमचे हे सकाळचा चहा त्या चित्रासमोर उभं राहून प्यायचे. मी म्हणायची, "त्या घरावर बर्फ पडते. आपल्या इथं ऊन पडते." तर म्हणायचे, "लाकडाले ऊन काय अन् बर्फ काय!" या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असायचं. ते बरोबर असेलच असं मात्र नव्हतं.

पण घराची गरज होती. गावातल्या घरात मामाजी, म्हणजे माझे सासरे, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची पोरं आणि आम्ही, असे सगळे दोन खोल्या आणि एका ओसरीत राहत होतो. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर विहिरीवर जावं लागे. जाऊबाई मनाच्या चांगल्या होत्या, पण भाजीत मीठ टाकताना त्यांचा हात कधी आखडला नाही. मला माझी चूल हवी होती. हे त्या काळात उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून आता बोलून घेते.

शेतातली माती काळी. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तिच्यात मातीची भिंत टिकत नाही. विटांच्या खर्चाचं तर नाव काढायलाच नको. त्याच सुमारास जंगल खात्याच्या डेपोत झाडी विरळ करताना तोडलेल्या सागाच्या बल्ल्या विकायला निघाल्या. मांडीएवढ्या जाड, बऱ्यापैकी सरळ, पण फळ्या काढायला बारीक, म्हणून कुणी घेत नव्हतं. यांचा चेहरा असा उजळला की मी पुढं काही बोललेच नाही.

मामाजींची परवानगी लागणार होती. ते ओसरीवर बसले होते, मी दाराआड उभी होते. सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही, अशी तेव्हाची रीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बांधा. पन लाकडाची रीत मोडू नोका. बुडखा मावळतीले, नाही तं दखनेले. शेंडा उगवतीले, नाही तं उत्तरेले. उलट्या लाकडाच्या घरात मी पानी बी पिनार नाई."

बुडखा म्हणजे झाडाच्या मुळाकडचं जाड टोक आणि शेंडा म्हणजे वरचं बारीक. गोष्ट साधी वाटते, पण माझं लक्ष त्या शेवटच्या वाक्यावर अडकलं. आमच्याकडे मुलगा शेतात राहायला गेला की गाव एकच विचारतं, "येगळा निघाला का?" बापानं नव्या घरात पहिलं जेवण केलं, तर ते घराण्याचंच शेतावरचं बिऱ्हाड. नाही केलं, तर घर फुटलं. मला चूल हवी होती, पण मामाजींना सोडून नव्हती. सासूबाई गेल्यापासून ते रोज पानावर बसायच्या आधी आत आवाज द्यायचे, "धाकली जेवली का?" अशा माणसाचं घर फोडल्याचं पाप मी कुठं फेडलं असतं?

कापूस घरात आला तशी आम्ही कामाला लागलो. चार कोपऱ्यांना मोठे दगड बसवले. यांनी मेहकरहून करवत आणि सुताराचा वाकस आणला. वाकसानं बल्लीला खाच पाडायची आणि त्या खाचेत आडवी दुसरी बल्ली बसवायची, एवढंच काम. पहिल्या खाचेतून मांजर गेलं असतं. दुसरीतून नुसतं शेपूट. माझ्या हाताला फोड आले, यांचा अंगठा काळानिळा झाला, पण सागाच्या ताज्या चुऱ्याचा तो वास अंगाला लागला की भूकही जोरात लागायची. दुपारी बांधावर बसून भाकरी, ठेचा आणि कांदा खायचो. मनातलं सगळं मोठ्यानं बोलता येतं, याचंच मला इतकं सुख होतं की घर नाही झालं तरी चालेल असं कधीकधी वाटायचं.

रीत आम्ही काटेकोर पाळली. प्रत्येक बल्लीचा बुडखा हे दोनदा तपासायचे. भिंती कमरेच्या वर आल्या तेव्हा समोरासमोरच्या दोन भिंतींवर मी एक फळी टाकली आणि तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. तांब्या आपल्या पायानं चालायला लागला. माझ्या डोळ्यांदेखत तो उत्तरेकडे गेला आणि खाली पडला.

"जमीनच वाकडी हाय," हे म्हणाले.

"हो, नाचता येईना अन् अंगण वाकडं," मी म्हणाले.

मग दोघांनी लांब जाऊन घराकडे पाहिलं. मावळती आणि दक्षिण यांच्या मधला कोपरा चांगला हातभर वर चढला होता आणि समोरचा खाली बसला होता. सगळे जाड बुडखे एकीकडे आणि सगळे बारीक शेंडे दुसरीकडे, मग दुसरं काय होणार? एक बल्ली अशी आणि पुढची तशी, असं आलटून पालटून ठेवायला हवं होतं. रीत पाळता पाळता आम्ही घसरगुंडी बांधली होती.

हे लगेच म्हणाले, "उलट्यापालट्या करून टाकू. टोकं कापून माती लिंपली की कोनाले समजते?"

मला राग तसा पटकन येतो, तेव्हाही आला. "मामाजींले फसवून जेवू घालायचं? त्या घरात मी चूल पेटवनार नाही. राहा तुम्ही अन् तुमचं कॅलेंडर!" आम्ही भांडलो. बैलांनीसुद्धा रवंथ थांबवून आमच्याकडे पाहिलं. शेवटी हे म्हणाले, "मंग तूच सांग त्याइले. माही हिंमत नाही."

संध्याकाळी मी दाराआड उभी राहिले. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. सांगायचं ठरवलं होतं बरंच काही, तोंडातून निघालं एवढंच, "मामाजी, उद्या घर पाहाले या. आमच्यानं चुकलं." जाऊबाईंच्या हातातली पळी तिथंच थांबली. लग्न होऊन आल्यापासून मी मामाजींशी सरळ बोललेली ती पहिलीच वेळ होती. ते रागावले की काय ते कळेना. "बरं," म्हणाले फक्त.

दुसऱ्या दिवशी ते गाडीतून उतरले, छत्री मिटली आणि घराभोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली. मी तांब्या ठेवून दाखवला, तो पुन्हा चालत गेला. मामाजींनी तो स्वतःच्या हातानं ठेवून पाहिला. त्यांच्याही हातून तो उत्तरेलाच गेला.

"हे असं काऊन केलं बे?" त्यांनी यांना विचारलं.

"तुमीच तं सांगतलं बाबा. बुडखा मावळतीले."

मामाजींनी त्या वर चढलेल्या कोपऱ्याला छत्रीचं टोक लावून पाहिलं. मला वाटलं, आता छत्री उघडतील आणि गाडीत बसतील. "मी आढ्याचं सांगतलं," ते म्हणाले. "वर छपराले आढं राहते ना, त्याचं. भितीचं कोन म्हनते?"

तेव्हा त्यांनी आढ्याचं नावही काढलं नव्हतं, सगळ्या लाकडाचंच सांगितलं होतं. मी दाराआडून माझ्या कानांनी ऐकलं होतं, यांनी समोर बसून ऐकलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही माना खाली घातल्या. "हाव बाबा, आमचंच ऐकन्यात चुकलं," हे म्हणाले. हे इतके शहाण्यासारखे वागलेले मी फार वेळा पाहिलेले नाहीत.

मामाजींनी धोतर खोचलं. वरची बल्ली एका बाजूनं स्वतः धरली, दुसरीकडून यांनी धरली. खाली उतरवून फिरवली आणि बुडखा उगवतीकडे आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. दुपारपर्यंत दोन थर उतरले. मामाजी घामाघूम झाले होते आणि आम्हाला शिव्या देत होते, पण इतके खुशीत मी त्यांना सासूबाई गेल्यानंतर पाहिलेच नव्हते.

भाकरी मी दोघांपुरतीच आणली होती. फडकं सोडलं आणि तशीच उभी राहिले, विचारायचं धाडस होईना. मामाजी दाराच्या मोकळ्या जागेतून आत आले, उघड्या आभाळाखाली त्या अर्ध्या भिंतींच्या मधोमध मांडी घालून बसले आणि म्हणाले, "वाढ." मी वाढलं. त्यांनी भाकरी मोडली.

तेवढ्यात शेजारच्या वावरातला माणूस बांधावर आला. भिंतीवरून मान काढून त्यानं विचारलं, "काय काका, पोरगा येगळा निघून राह्यला म्हनतात?"

मामाजींनी तोंडातला घास सावकाश संपवला, वर पाणी प्यायले.

"पोरगा नाही निघाला," ते म्हणाले. "मी निघालो. हे दोघं माह्या संगं आले."

छपरावर कवेलू चढायला अजून बराच अवकाश होता. मामाजींची बाज मात्र दुसऱ्याच दिवशी गाडीतून आली.