आठावर जुळलेला रंग

बिबवेवाडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त तपासण्यात नोकरी संपवली. मुलांचं हिमोग्लोबिन बघायची आमची पद्धत जुनी होती. बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त नळीतल्या आम्लात मिसळायचं, दहा मिनिटं थांबायचं. मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा आणि नळीवरचा आकडा वाचायचा.

मग यंत्र आलं. मालक डॉक्टरांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि मला फर्मावलं, "पंधरा दिवस प्रत्येक मुलाचं रक्त दोन्हींवर बघा. आकडे शेजारी शेजारी लिहा."

मी काय केलं? आधी यंत्राची चिठ्ठी बघितली आणि मग रंग जुळवला. डोळे लगेच शहाण्यासारखे वागायला लागले. दोन्ही रकाने इतके सारखे आले, की डॉक्टरांनी तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावला. दारावरच्या पाटीत न मावणाऱ्या पदव्यांच्या या गृहस्थांना माणसाचा डोळा दशांशापर्यंत कसा जुळतो, हा प्रश्न पडला नाही. मला पडला होता. तरी तो कागद मी भिंतीवर राहू दिला.

त्याच पंधरवड्यात धायरीच्या एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या.

"सायेब, जिना चढताना मधीच बसती हो. कायतरी हाय."

यंत्र म्हणालं अकरा. माझ्या नळीत रंग आठावरच जुळला. पाणी अकराच्या खुणेला पोचेपर्यंत मी आणखी घालत गेलो. रंग फिका पडला, मी अकरा लिहिलं.

"अहो बाई, यंत्र आहे ते. पोरीचे लाड कमी करा," मी बाईंना सांगितलं.

दोन महिन्यांनी मुलगी शाळेत कोसळली. तिला रक्त द्यावं लागलं. त्यानंतर यंत्र दुरुस्त करणारा आला आणि ते पहिल्या दिवसापासून चढं दाखवतंय, असं सांगून गेला. डॉक्टरांनी भिंतीवरची चौकट तेवढी काढली. बाई पुन्हा आल्या तेव्हा सासूही सोबत होती. तिच्यादेखत डॉक्टर म्हणाले, "आईचंच लक्ष नाही. पोरीला काय हवेवर वाढवता?" सासूने मान डोलावली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नळ्या धुवायला आत गेलो.

डॉक्टरांकडे मी परवा विषय काढला. "मुलगी धडधाकट आहे ना? मग आता काय उकरताय?" म्हणाले.

मुलगी बरी आहे. पण त्या घरात आई अजून हलगर्जीच समजली जाते. म्हणून हे लिहिलेले कागद घेऊन उद्या सकाळी मी धायरीला जाणार आहे, आणि सासूबाई घरात असतानाच वाचून दाखवणार आहे.