चंपाषष्ठीनंतरचं भरीत

थंडीच्या दिवसांत माझ्या गरजा फार कमी होत. सकाळी बंबात कापसाच्या पऱ्हाट्या सारायच्या, त्या तडतडताना हात शेकायचे, कडकडीत पाण्यानं अंघोळ करायची आणि कानटोपी घालून शेजारच्या नानांच्या ओट्यावर उन्हात जाऊन बसायचं. त्यांचा ओटा पूर्वेकडे होता, आमचा नव्हता. त्यांच्या पत्नी, अक्का, आतून चहा पाठवायच्या. दहाच्या सुमारास मी पाटबंधारे कार्यालयात जायचो. जळगावातले माझे हिवाळे असे गेले आणि मी त्यात सुखी होतो, असं म्हणायला हरकत नाही.

पण मी लेखकही होतो. म्हणजे लोक तसं म्हणायचे. वर्षाला दोन-तीन दिवाळी अंकांत माझ्या कथा यायच्या. चाळिशी उलटली तशी मला सुचेनासं झालं. टेबलावर कोरे कागद ठेवून मी पेनात शाई भरायचो, निब पुसायचो आणि उठायचो. कारकुनीनं थकवा येतो, असं बायकोला सांगायचो. ते खरं नव्हतं. मी रिकामा झालो होतो आणि ते कुणाला कळू नये म्हणून धडपडत होतो.

नाना रेल्वेतून निवृत्त झाले होते. मूळचे रावेरकडचे, नोकरी सगळी भुसावळला, इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. एका सकाळी, ओट्यावर आम्ही दोघंच असताना, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. भावाशी केळीच्या बागेवरून वाद झाला होता आणि आईनं धाकट्याची बाजू घेतली होती. पुढं आई आजारी पडली. अक्का गावी तिच्या उशाशी होत्या, नाना भुसावळला. एका सकाळी गावाहून माणूस निरोप घेऊन शेडमध्ये आला, आई घटकाभराची सोबतीण आहे, निघा. नाना स्टेशनावर आले. बाकावर बसले. दोन गाड्या त्यांनी जाऊ दिल्या. तिसरीनं पोचले तेव्हा आईला नेऊन झालं होतं. निरोप उशिरा मिळाला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. निरोप्यानं वाटेत कुठंतरी वेळ काढला, असंच घरचे धरून चालले.

"अक्कालेबी हेच माहीत आहे," नाना म्हणाले. "तुमाले सांगतलं, भाऊ. पोटात ठेवा."

मी ठेवलं. पुढच्या आषाढापर्यंत ठेवलं. मग एका संपादकांचं पत्र आलं, कथा गणपतीच्या आत हवी. माझ्याकडं काही नव्हतं. हे होतं.

मी नावं बदलली. रेल्वेऐवजी एसटी केली, केळीऐवजी ऊस. लिहिताना बऱ्याच दिवसांनी हात भराभर चालला, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एक गोष्ट मात्र मी तशीच राहू दिली, कारण ती मला फार आवडायची. भरिताची वांगी भाजण्याआधी लोक त्यांना सुरीनं टोचे मारतात. नाना बाभळीचा लांब काटा वापरायचे. लोखंड लागलं की वांगं कडू होतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या कथेतला माणूसही काटाच वापरतो.

अंक दिवाळीत आला. माझी प्रत मी गोधड्यांच्या ढिगाखाली सरकवली आणि त्या दिवसापासून नानांवर नजर ठेवायला लागलो.

ते रोज दुपारी वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला जात. तिथं दिवाळी अंक टेबलावर पसरलेले असतात. नाना कथा वाचत नाहीत हे मला माहीत होतं, पण चाळत नसतील कशावरून? एकदा परत आल्यावर ते माझ्याशी न बोलता घरात गेले. मी संध्याकाळभर त्याचा अर्थ लावत बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, यंदा काय लिहिलं? हे ते दरवर्षी विचारत. मी म्हणालो, काही नाही. "काहीच नाही?" असं त्यांनी पुन्हा विचारलं, आणि त्या दुसऱ्या 'काहीच'मध्ये मला काहीतरी ऐकू आलं.

चातुर्मासात नाना-अक्का वांगं शिवत नसत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मगच वांगं घरात यायचं, आणि त्या दिवशी भरिताचा पहिला डबा आमच्याकडं यायचा. अनेक वर्षांत हे चुकलं नव्हतं. त्या वर्षी चंपाषष्ठी गेली आणि डबा आला नाही. पाच दिवस मला जेवण गेलं नाही.

सहाव्या दिवशी डबा आला. गावाहून हिरवी वांगी यायला उशीर झाला, नैवेद्य बाजारच्या दोन वांग्यांवर उरकला, असा निरोप बरोबर होता. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. भरीत कधी नव्हे इतकं तिखट होतं. मला वाटलं, हे मुद्दाम आहे. दोन घास खाऊन मी ताट सारलं.

माझी बायको धुळ्याची. रागावली किंवा गंमत करायची असली की ती माहेरच्या बोलीत शिरते. "काय व्हयनं तुम्हले?" ती म्हणाली. "भरीत नको म्हणणारा माणूस आज पहिल्यांदा देखना." तिला ते तिखट लागलं नव्हतं.

शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो. बायकोनं त्यात गुळाच्या रेवड्या भरल्या आणि माझ्या हाती दिला. नाना वाचनालयात गेलेत हे पाहूनच मी निघालो. अक्का अंगणात लसणीची पात निवडत होत्या. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडलं नाही.

"तुमची गोष्ट वाचली मी," त्या म्हणाल्या. "दोनदा वाचली."

हे माझ्या मनातही आलं नव्हतं. थंडी पडल्यावर बायकोनं गोधड्या काढल्या होत्या. अंक तिच्या हाती लागला आणि नवऱ्याची कथा आली म्हणून कौतुकानं तिनं तो अक्कांना वाचायला दिला. मी दीड महिना नानांच्या कपाळावरच्या आठ्या मोजत होतो, आणि अंक अक्कांच्या उशाखाली होता.

"वांग्याले बाभळीचा काटा टोचनारा मानूस मी एकच पाह्यला," अक्का म्हणाल्या. "निरोप त्याईले सकायीच भेटला व्हता का?"

त्यांनी पात खाली ठेवली.

"निरोप घेऊन माहा चुलतभाऊ गेलता. अठरा वर्सं झाली. मी त्याच्या दारात पाय ठेवला नाही. त्याच्या पोरीच्या लग्नालेबी गेली नाही."

निरोप्या कोण होता, हे नानांनी मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. माझ्या कथेत त्याला दीड ओळ होती.

मला खरं सांगता आलं असतं. खरं सांगितलं असतं तर एक निरपराध माणूस सुटला असता. पण मग नानांनी सांगितलेलं मी विकून खाल्लं, हेही कबूल करावं लागलं असतं, आणि त्या ओट्यावर पुन्हा बसता आलं नसतं. नानांना वाचवतोय असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज सांगत नाही.

"नाही हो अक्का," मी म्हणालो. "काटा तेवढा नानांचा. बाकी सगळं मी मनानं जुळवलं."

"मनानं," अक्का म्हणाल्या. मग पात पुन्हा हातात घेऊन, "लई जवळून पाह्यते तुमचं मन, भाऊ."

त्यांनी विश्वास ठेवला की नाही, हे मला कळलं नाही. चहा येत राहिला. चहा देताना त्या माझ्याकडं बघत नसत, पण आधी तरी बघायच्या का, ते मला आठवेना.

संक्रांतीला अक्का एकट्याच गावी जाऊन आल्या. दोन दिवसांनी ओट्यावर बसलो होतो. नाना म्हणाले, अक्का चुलतभावाच्या घरी तिळगूळ घेऊन गेली होती. दुपारभर बसली, जेवून आली.

"अठरा वर्सांत पह्यल्यांदा," नाना म्हणाले. "मी इचारलं, काऊन गेलीस? म्हने, सन होता. तुमाले काही बोलली का ती?"

"नाही," मी म्हणालो.

नाना माझ्याकडं पाहत राहिले. मी कपातला उरलेला चहा संपवला आणि कार्यालयाची वेळ झाली म्हणून उठलो. नऊच वाजले होते.