न सोडलेल्या कामट्या

सुकलाल गेल्याची बातमी मला गावाने दिली नाही, बांबूंनी दिली. मी मळ्यात राहतो, गावापासून मैलभर लांब. दुपारच्या वेळी तळोद्याच्या वरच्या डोंगरातला एक भिल म्हातारा खांद्यावर हिरव्या बांबूंची मोळी घेऊन आला आणि ती त्याने माझ्या अंगणात टाकली. घाम पुसत म्हणाला, "मालक, सुकाबाबा सकाळमा गया. वट्टावर कोनी नही. आते हाऊ बांबू कोनले देऊ?" दोन दिवस चालून आलेला माणूस. त्याला पाणी दिलं, भाकर दिली. बांबू तिथेच राहिले. ज्या घराने एके काळी सुकलालचे बांबू बंद केले, त्याच घराच्या अंगणात...

त्याला आता दोन महिने होतील. तेराव्यानंतर शाळेत शोकसभा झाली. अध्यक्ष मी. गावात कुठलीही सभा असली की अध्यक्ष मीच असतो, कारण खुर्ची माझ्या घरून येते. ज्याचं जन्मात बोटसुद्धा मुरगळलेलं नाही असा एक वक्ता पाऊण तास सुकलालच्या ईश्वरी कार्यावर बोलला. "काही विघ्नसंतोषी लोकांनी त्यांच्याविरुद्ध असत्य पसरवलं, पण ते डगमगले नाहीत," असं म्हणून त्याने टेबलावर मूठ आपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मीही वाजवल्या, जमतील तशा. माझा उजवा हात मनगटात वाकडा आहे, टाळी नीट बसत नाही.

ते 'काही लोक' म्हणजे मी. एकटा मी.

हे तसंच ठेवून मी मेलोही असतो, खोटं कशाला बोलू? पण गेल्या आठवड्यात खांडबाऱ्याकडून एक बैलगाडी आली. गाडीत पाय मोडलेली बाई. सुकलालची लेक गोदा आता बापाचं काम करते. विधवा होऊन माहेरी आल्यापासून वीस वर्षं ती त्याच्या शेजारी बसून शिकली आहे. गाडीवाल्याने पारावर घर विचारलं, तर कुणीतरी सांगितलं, "बापनी पाटीलना भाऊना हात वाकाडा करी टाका, पोरगी काय करी?" तो पाटलाचा भाऊ म्हणजे मी. गाडी तिथूनच वळली. म्हणजे माझं खोटं माणसाला पुरून उरलं आणि आता त्याच्या लेकीच्या दारात जाऊन बसलं. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या संपादकांनी "तुम्ही त्यांचे जुने स्नेही, चार आठवणी लिहा," असं कळवलं आहे. मला एकच आठवण लिहायची आहे.

सुकलाल हाडवैद होता. त्याचा बाप, आजा, सगळे तेच. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर तो सकाळपासून बसायचा. समोर तिळाच्या तेलाची वाटी, हळद, जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि बांबूच्या कामट्या. प्रत्येक रोग्यासाठी कामट्या नव्या तासायच्या, त्याच्याच हाडाच्या मापाने. जो आधी आला तो आधी बसणार, मग तो भिल असो, महार असो की आमच्या घरचा. घेणं काही नाही. रोग्याच्या घरचं पाणीसुद्धा नाही. "देव हाड जोडस, मी नुसता बांधस," असं म्हणायचा. आणि त्याच्या घराण्याची एक रीत होती, तीवर माझी सगळी गोष्ट उभी आहे. चाळीस दिवस झाले की त्याने स्वतः कामट्या सोडायच्या, रोग्याने त्या तापीवर नेऊन चार माणसांत "हात बरा झाला" किंवा "पाय बरा झाला" असं मोठ्याने सांगायचं आणि पाण्यात सोडायच्या. तिथे काम पुरं. तोवर तो रोगी देवाच्या हातात, आणि तोवर त्याच्याबद्दल वाकडा शब्द सुकलालने तोंडातून काढायचा नाही.

पहिली लढाई सुरू व्हायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. मी पंचविशीतला. विहिरीच्या धावेवर, मोटेच्या बैलांच्या उतारावर, पाय घसरून पडलो आणि मनगट मोडलं. सुकलालने बांधलं, बजावलं, "चाळीस दिवस. घोडावर बठनं नही, बैल हाकलना नही, कोनवर हात उगारना नही." तिसरं माझ्या स्वभावाकडे बघून घातलं होतं. सतराव्या दिवशी सारंगखेड्याची यात्रा आली. माझा थोरला भाऊ पोलीसपाटील. दादा घोडी घ्यायला निघाला आणि मला बरोबर घेतलं. एक काळी काठेवाडी घोडी होती... अजून डोळ्यांपुढे आहे. सगळी पाटीलमंडळी तिला फिरवून बघत होती आणि मी हात गळ्यात बांधून बायकांसारखा उभा. मला ते सहन झालं नाही. गाडीच्या आडोशाला जाऊन दातांनी चिंध्या सोडल्या, कामट्या कोटाच्या खिशात घातल्या आणि घोडीवर बसलो. तिने एकच हिसका दिला.

मनगट सुजून भोपळा झालं. दादाने विचारलं, "कामट्या कोन सोड्यात?"

मी म्हणालो, "सुकलालनी. त्यानी सांगं, बरं व्हई गयं."

दादाच्या थोबाडीची भीती होती, दुसरं काही नाही. पंचवीस वर्षांचा घोडा मी, भावाच्या थोबाडीला भ्यालो आणि एका माणसाचा जन्म त्याखाली घातला. पुढच्या चाळीस वर्षांत मला याहून चांगलं कारण सापडलेलं नाही. शोधलं मात्र फार.

दादाला हे हवंच होतं. भिल-महारांना हाताळलेल्या हातांनी सुकलाल आम्हाला हात लावतो, हा गावाचा जुना सल. आठवड्याच्या आत पंच बसले, देवळासमोरच. हात गळ्यात बांधून मी दादाच्या शेजारी. दादाने विचारलं, "सुकलाल, कामट्या तू सोड्यात का?" सुकलालने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हाड चाचपावं तसं. मग म्हणाला, "त्यान्हं काम चालू शे. चालू कामवर मी बोलत नही."

झालं! सगळ्यांनी तो कबुलीजबाब धरला. अरे, 'नाही' एवढा एक शब्द! तो म्हणाला असता तर मी तिथेच रडलो असतो, सगळं ओकलो असतो. असं मी स्वतःला सांगतो, निदान. पण तो माणूस रीत धरून बसला आणि मी गप्प बसलो. आजही आम्हा दोघांच्याही गप्प बसण्याचा मला सारखाच संताप येतो.

देवळाचा ओटा बंद झाला. आमच्या बेटातला बांबू बंद झाला. तेल्याला सांगितलं गेलं, तेल द्यायचं नाही. माझ्या एका खोट्याला मग फाटे फुटले. तो तेलात मेलेल्या माणसाच्या हाडांची राख घालतो, तो पाद्र्याचा माणूस आहे, त्याने बापाचा मंत्र विकला. पाद्री म्हणजे काय हे सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. सुकलाल नदीच्या वाटेवर निंबाखाली जाऊन बसला. भिलांनी डोंगरातून बांबू आणून द्यायला सुरुवात केली ती तेव्हापासून. तेल त्याची बायको घरीच काढायची, उखळात तीळ कांडून. पुढे तिथेच मातीचा ओटा झाला. गावची माणसं बंदी पाळायची, म्हणजे अंधार पडेस्तोवर पाळायची. मग डोक्यावर पांघरूण घेऊन गुपचूप जायची आणि दुसऱ्या दिवशी पारावर बसून त्याला शिव्या द्यायची. तो त्यांनाही बांधायचा. मला वाटायचं, एकाला तरी हाकलून दे रे! नाही.

बारा वर्षांनी दादा पुरात गाडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. सुकलाल न बोलावता आमच्या दारात आला, काखेत कामट्या. दादा खाटेवरून ओरडला, "एक भाऊना हात वाकाडा करा, आते मन्हा पाय वाकाडा करशी का?" मी उंबऱ्यात उभा होतो. दोघांच्या मधोमध. सुकलाल थोडा वेळ थांबला, कदाचित माझ्यासाठीच, आणि परत गेला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दादाचा पाय न्हाव्याने बांधला. मरेपर्यंत अठरा वर्षं दादा काठी टेकत लंगडला, आणि पावलागणिक सुकलालला शिवी देत होता. ती काठीही मीच आणून दिली होती.

दादा गेल्यावर मी निंबाखाली गेलो. आता भीती कुणाची? म्हणालो, "सुकाभाऊ, माले काही सांगनं शे." समोर एक भिल बसला होता, खांदा निखळलेला. सुकलाल म्हणाला, "आधी हाऊ धर. घट धर, नहीतं लाथ मारी." मी डाव्या हाताने त्या माणसाला धरलं. खांदा कटकन बसला, त्याने मला लाथ मारलीच. सुकलाल हसला. मग तेलाचे हात पुसत म्हणाला, "माले काय सांगस? माले म्हाईत शे. जठे म्हाईत नही, तठे सांग."

मी उठून घरी आलो. पुढे वर्षातून दोन-तीनदा जात राहिलो, भिल धरले, लाथा खाल्ल्या, त्याची चिलीम ओढली. सांगितलं कुणालाच नाही. प्रत्येक वेळी तो माझं मनगट हातात घेऊन अंगठ्याने चाचपायचा. "दुखस का?" "नही." "कामट्या शेतस ना?" "शेतस." "मंग." एवढंच. कामट्या आहेत, म्हणजे काम अजून चालू. चाळीस वर्षांत त्याने माझ्यावर काढलेला सगळ्यात मोठा राग म्हणजे ते 'मंग'. शेवटची भेट झाली तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता, मनगट धरायला त्याला दोन्ही हात लागले. तेव्हाही तेच. मला तर वाटतं, मी रोगी म्हणूनच राहावं आणि त्याने गप्पच राहावं, यात आम्हा दोघांपैकी सोय माझीच होती, आणि ते तो जाणून होता.

परवा मी अंगणातले ते बांबू गाडीत घालून गोदाकडे नेले. ओट्यावर ती एकटी होती. बापाची तेलाची वाटी तिच्यासमोर. मी खिशातून जुन्या कामट्या काढून ठेवल्या, चार, हळदीचा पिवळा डाग अजून आहे. आणि सांगितलं, सगळं, घोडीसकट. ती रागावेल असं वाटलं होतं, निदान तशी आशा होती. तिने कामट्या उलटसुलट करून पाहिल्या आणि बापासारखंच माझं मनगट ओढून घेतलं. म्हणाली, "चाळीस दिवसना कामले तुम्ले चाळीस वरीस लागनात, काका. माले नका सांगू. नदीवर सांगा."

तर इथे लिहून ठेवतो. सुकलालने माझं मनगट नीट बांधलं होतं. कामट्या मी सोडल्या. खोटं मी बोललो. खांडबाऱ्याच्या गाडीवाल्याला कुणी ओळखत असेल तर त्याला हे वाचून दाखवावं, बाईचा पाय अजून वेळेत आहे.

हे छापून येईल त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी, नदीवर माणसं असतील तेव्हा, मी घाटावर जाणार आहे. भाषण नको, हार नको, खुर्ची तर नकोच. 'हात बरा झाला' असं मोठ्याने म्हणायची रीत आहे, ती मला पाळता येणार नाही. हात वाकडाच आहे. जे आहे ते म्हणेन. कामट्या आत्ता या कागदाशेजारी आहेत. आणि लिहिता लिहिता मनगट ठणकायला लागलं की माझा डावा अंगठा आपोआप तिथे जातो, नेमका त्याच जागी, आणि मी थांबतो... कुणी "दुखस का?" विचारेल म्हणून.