खड्ड्यांचा रस्ता
परवा मेडिकलच्या दुकानात मानेच्या पट्ट्याचं पाकीट फोडलं आणि नव्या फोमचा वास येताच मला आखातातल्या मुसफ्फातली कंपनीची बस आठवली. मी तिथे वेल्डर होतो. मानेत नस दबली होती. ऑपरेशनला महिनाभर अवकाश होता, तोवर मला स्टोअरमध्ये बसवलं होतं. जोराचा झटका बसला तर हातपाय जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्हा कामगारांच्या राहण्याच्या कॅम्पचा रस्ता मात्र खड्ड्यांचा, आणि आमचा पठाण ड्रायव्हर बस उडवत न्यायचा. पट्टा लावून पहिल्यांदा चढलो तेव्हा त्याने विचारलं, "क्या हुआ?" मी सांगितलं. त्याने मला पुढे बसवलं आणि बस इतकी हळू काढली की सायकलवालेही पुढे जाऊ लागले. उकाड्यात घामेजलेली माणसं मागे कुरकुरू लागली. माझ्याच खोलीतला चिपळूणचा फिटर म्हणाला, "यल्ला भाई, चल लवकर, अंघोळीचं पाणी जाईल." पठाणाने बस थांबवली आणि वळून शांतपणे म्हणाला, "जिसको जल्दी है, पैदल जाओ." कुणी उतरलं नाही. थोड्या वेळाने तोच फिटर उठून माझ्यामागे उभा राहिला आणि दोन्ही तळव्यांनी त्याने माझं डोकं अलगद धरलं. खड्डा आला की पठाण म्हणायचा, "पकडो." कॅम्पपर्यंत आम्ही तसेच गेलो. ऑपरेशन नीट झालं. मी कामावर परतलो तेव्हा पठाण गावी गेला होता, तो पुन्हा आलाच नाही. फिटरशी अजून फोनवर बोलतो. पठाणाला शुक्रिया म्हणायचं तेवढं राहून गेलं.