हुक पास होईपर्यंत

टेस्टिंग लॅबमध्ये दोन गोष्टी साचतात : तुटलेले तुकडे आणि किस्से. तुकडे भंगारवाला नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून तुमच्या गळ्यात मारतोय.

मी जगतपुऱ्यातलं इंजिनिअरिंग कॉलेज अर्धवट सोडलं. बाबांनी मला त्यांच्या मित्राच्या, कुलकर्णीकाकांच्या, मुरलीपुऱ्यातल्या लॅबमध्ये चिकटवलं. काम सोपं. स्टीलच्या तुकड्याला खाच पाडायची, मशीनचा झुलता हातोडा त्यावर सोडायचा. तुकडा सहज तुटला की माल नापास.

* * *

दसऱ्याला काकांनी त्याच हातोड्याने नारळ फोडला. मशीनचा काटा हलला, काकांनी हात जोडले.

वर्षभरातलं ते एकमेव रीडिंग, ज्यात कुणी ढवळाढवळ केली नाही!

* * *

मे महिन्यात एका शेठजींचे क्रेनचे हुक आले. त्याच स्टीलचे तुकडे थंड करून फोडायचे होते, कारण ठिसूळ माल थंडीत उघडा पडतो. पहिला तुकडा बिस्किटासारखा गेला.

"पुन्हा कर," काका म्हणाले.

"किती वेळा?"

"पास होईपर्यंत!"

ही सोय कॉलेजात असती तर मी आज इंजिनिअर असतो.

* * *

पुढचा तुकडा मी थंड द्रवाच्या बाथमधून चिमट्याने काढला, तेवढ्यात काकांचा फोन वाजला. शेठजीच! "थांब, माझ्यासमोर फोड," काका म्हणाले आणि साग्रसंगीत गप्पा सुरू. खोलीतला कूलर बंद. फोन संपेपर्यंत तुकडा माझ्याइतकाच तापलेला!

हातोडा पडला. तुकडा नुसता वाकला.

"बघ! याला अनुभव म्हणतात!" काकांनी सर्टिफिकेटवर सही ठोकली.

"काका, या हुकाखाली माणसं उभी राहणार आहेत."

"आधी डिग्री घेऊन ये, मग बोल."

* * *

रात्री मानसरोवरला, आमच्या घरी जेवताना बाबा म्हणाले, "मोठ्यांशी वाद घालू नये. मी बँकेत आयुष्यभर कुणाशी वाद घातला नाही."

"दिसतंय," मी म्हटलं.

आईने घाईघाईने पोळी वाढली.

* * *

जानेवारीतल्या एका कडाक्याच्या सकाळी लॅबचं नवं मशीन ट्रकमधून आलं. उतरवायला शेठजींनी प्रेमाने आपली क्रेन पाठवली. मशीन हवेत लटकलं आणि ऑपरेटर ओरडला, "सरजी, नीचे आके सीध देख लो!"

काका रुबाबात निघाले. वर पाहिलं. थबकले.

"हुक कौन सा है?"

"सेठजी का अपना माल है! एकदम नया!"

काका उलट्या पावली थेट चहाच्या टपरीपर्यंत गेले आणि तिथून ओरडले, "बदलो उसको!"

"क्यों सरजी? पास है! सर्टिफिकेट है!"

"किस गधे ने दिया?"

"आपने, सरजी!"