उलाळ भरलेली बोट

२०२३ साल. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर वय कमी आहे, पण तो दाखला मास्तरांनी अंदाजानं लिहिलेला. मी तिसरीत शाळा सोडली. माझ्या वयाबद्दल मास्तरांना माझ्या आईपेक्षा जास्त माहीत असायचं काही कारण नव्हतं.

शाळेत मी मागं पडलो, पण बैलगाडी भरण्यात मेहकर तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी म्हणत नाही, लोक म्हणायचे. आता ते लोक राहिले नाहीत, म्हणून मला सांगावं लागतं. कापसानं भरलेली गाडी घेऊन खामगावच्या वाटेला लागलो की रस्त्यात भेटणारे थांबून गाडीकडं पाहायचे. गाडी मागून जड झाली तर पुढची दांडी वर उचलते, जू आभाळाकडं जातं आणि बैल गळफास बसल्यासारखे टाचांवर उभे राहतात. त्याला उलाळ म्हणतात. आमच्या घरात हा शब्द शिवीसारखा वापरायचे. माझा बाप एखाद्या माणसाला नावं ठेवायची झाली तर एवढंच म्हणायचा, "उलाळ आहे." माझी गाडी जन्मात उलाळ झाली नाही. पुढं बैल गेले, गाडी गेली, ट्रॅक्टर आले, तरी ट्रॉली भरताना लोक मला बोलवायचे. नाही बोलावलं तरी मी जायचो.

माझा जावई गोव्यात बोट चालवायचा. लेक आणि सहा वर्षांची नात तिकडंच. दिवाळीला चार दिवस यायचे. नात मला आजोबा म्हणायची तेसुद्धा आईच्या मागं लपून, जसा काही मी वसुलीला आलो आहे. त्या वर्षी ते दिवाळीच्या आधीच आले, आणि ट्रकवर एक बोट घालून आले. आमच्या गावाखाली धरण आहे. त्याच्या काठावर संभाजीनगरचा एक शेठ हॉटेल बांधत होता. त्यानं जावयाला सांगितलं होतं, रविवारी मी येतो, मला लाट उठवून दाखवा. उठली तर बोट इथंच राहील आणि ती चालवायचं काम तुमचं. नाही उठली तर आला तसा ट्रक परत गोव्याला.

आमची मंडळी ते ऐकल्यापासून देवासमोरून उठेना. लेक नजरेसमोर राहील म्हणून तिनं कोणकोणते नवस बोलले ते तिलाच माहीत. मी नवस बोलत नाही. मी धरणात उतरवलेली बोट पाहायला गेलो.

"ह्याच्यात मानसं किती बसते?" मी विचारलं.

"मामा, ही मानसं वाहाले नाई," जावई म्हणाला. "ही मांगं लाट उठवते. त्या लाटेवर फळी टाकून मानूस उभा राह्यते. मंग दोर सोडून देते, आन लाटच त्याले ढकलत नेते."

"कुठी नेते?"

"कुठीच नाई. बोटीच्या मांगं मांगं."

"मंग तो बोटीतच काऊन बसत नाई?"

लेक हसायला लागली. "बाबा, मी करतो ना ते गोव्यात. लय मज्या येते."

माझी लेक पाण्यात फळीवर उभी राहते हे मला तेव्हा कळलं. ती मुलासारखं "मी करतो" म्हणते, ते आमच्याकडं बायका बोलतातच. पण फळीचं तिच्या सासूला माहीत आहे का, हे मी विचारलं नाही.

तर लाट आपोआप उठत नाही. त्यासाठी बोट जड करावी लागते. बोटीबरोबर जाड कापडाच्या तीन मोठ्या पिशव्या आल्या होत्या. एक पुढं, दोन मागच्या दोन कोपऱ्यांत. पंप लावायचा, धरणाचं पाणी पिशव्यांत भरायचं, झालं वजन. फक्त गोव्याच्या उंदरांनी त्या कुरतडल्या होत्या. जावई म्हणाला, शनिवारी मेहकरला नेऊन पंक्चरवाल्याकडून ठिगळं लावून आणतो.

मला ते मुळातच पटलं नाही.

"जवाईबुवा, पान्यात पान्याचं वजन कसं होईन? विहिरीतली बादली पान्यात हाय तोवर फुलासारकी लागते. भार लागते तो वर आल्यावर."

"पन मामा, ते पानी धरनात नाई ना. बोटीत हाय."

"आन बोट कुठी हाय?"

जावई गप्प बसला. त्याला बोलता आलं नाही म्हणजे मुद्दा माझाच बरोबर होता. लेक म्हणाली की ते मान राखून गप्प आहेत. असू दे. मान राखला तरी मुद्दा मुद्दाच असतो.

शनिवारी जावई पिशव्या घेऊन मेहकरला गेला आणि मी कामाला लागलो. रेती भरावी तर आमच्याकडं रेती नुसती मुठीत घेतली तरी तलाठी कुठून तरी उगवतो. घरात मात्र सोयाबीनची पोती पडून होती, भाव यायची वाट पाहत. ट्रॅक्टर मागून आणला आणि सगळी पोती काठावर नेली. बोटीत एकही पोतं नुसतं टाकलं नाही. तळाला आडवी, वर उभी, शिवणीकडची बाजू आत. गाडी भरताना पुढं जरासा दाब ठेवतात, तसा ठेवला. मग पाण्यानं काठोकाठ भरलेला लोटा बोटीच्या मधोमध ठेवून पाहिला. एक थेंब सांडला नाही. काठावर म्हशी धुणारे दोघं होते, ते म्हणाले, "बाप्पा! काय भरली!"

जावई आला, बोटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पिशव्या खाली ठेवल्या.

"मामा, कष्ट लय घेतले तुमी."

"चालवून पाहा."

त्यानं चालवली. मी बाजूला बसलो होतो, मागं वळून पाहत होतो. म्हैस डुंबून उठली की पाणी जितकं हलतं, तितकंही हललं नाही. मग त्यानं वळण घेतलं आणि बोटीनं तोंड खाली घातलं, तहानलेल्या बैलासारखं. धरणाचं पाणी पुढून आत आलं आणि पोत्यांत गेलं.

काठावर आल्यावर जावई हळूच म्हणाला, "मामा, गाडी म्हनून एक नंबर भरली. पन हिले मांगून बसवा लागते. आन एका अंगावर झुकवा लागते. तवा लाट उठते."

"म्हंजे उलाळ करा लागते?"

"हाव."

"आन वरून कानी, एका अंगाले कलती बी?"

"हाव मामा."

मी उठलो, धोतर पिळलं आणि म्हणालो, "हे काम माह्या हातून होनार नाई. लाट उठो का न उठो."

घरी आमच्या मंडळीनं ओलं सोयाबीन अंगणात पसरलं. मला ऐकू जाईल अशा बेतानं ती शेजारणीला सांगत होती, "भाव याच्या आंधी मोड येनार पाहा."

रविवारी शेठ आला. काळा चष्मा, पांढरे बूट. आता शेठला काय मागं बसवतात का? तो पाहुणा. पुढची मऊ गादी त्याला दिली, आणि त्याच्याबरोबर आलेल्या दोघांनाही. हिवरा आश्रमाजवळच्या गावाहून माझे व्याही आणि विहीणबाई आले होते. मुलगा इकडं स्थिरावतो की नाही हे पाहायला. सगळ्यांनी नारिंगी जाकिटं घातली आणि लग्नाच्या मांडवात बसावं तसे बसले. पुरुष डावीकडं, बाया उजवीकडं. ठिगळं लावलेल्या पिशव्या पाण्यानं भरून फुगल्या होत्या.

लेक फळी घेऊन पाण्यात उतरली. दोर धरला. बोट निघाली, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातली पिशवी फस्स करून बसली. ठिगळ सुटलं. पंपानं ते पाणी बाहेर फेकलं, आणि बोट झाली सरळ. पुढं शेठ, त्याचे दोघं, इकडं पुरुष, तिकडं बाया. लोटा ठेवला असता तर थेंब सांडला नसता, अशी सरळ.

लाट म्हणावी असं काही उठलं नाही. लेक गुडघ्यावर यायची आणि बुडायची. दोनदा झालं. जावयाचा हात चाकावर होता पण चेहरा उतरला होता.

शेठ म्हणाला, "एवढी लाट तर आमच्या शेततळ्यातही उठते हो."

लेक पाण्यातून ओरडली, "बाबा! मांगं वजन द्या! डाव्या कोपऱ्यात!"

तिनं जावयाला सांगितलं नाही, मला सांगितलं. वजनाची गोष्ट होती म्हणून मलाच सांगितलं असेल. मी उठलो आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलो. बोटीला काही कळलंच नाही. मी म्हणजे तुरीची काडी. आमच्या मंडळीला खुणावलं, तीही आली. ती दुसरी काडी. मग व्याही आले. ते बरे आहेत, पण एवढ्यानं भागणारं नव्हतं. उजवीकडं विहीणबाई एकट्या बसल्या होत्या, आणि तिकडच्या भरल्या पिशवीमुळं बोट अजून डावीकडं कलत नव्हती.

आता विहिणीला कसं सांगायचं? लग्नात विहिणीच्या पाटाची जागा वीतभर चुकली तर वर्षभर बोलणं बंद होतं. मी जाकीट सरळ केलं, हात जोडले.

"इहीनबाई, तथी काऊन बसल्या? इकडं या. ही मानाची जागा हाय."

त्यांनी त्या कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं सुटलेली पिशवी पडली होती आणि पाणी ठिबकत होतं.

"इवाईबुवा," त्या म्हणाल्या, "लग्नात मले दारापाशी बसवलं, आन आता मान आठवला का तुमाले?"

"तसं नाई..."

"वजनाले पायजे म्हना ना सरळ! काऊन लाजता? माही सून तथी पान्यात गोते खाऊन राह्यली आन तुमी मान काढून बसले."

त्या उठल्या. बोट हलली. व्याह्यांनी घाबरून माझा दंड धरला. विहीणबाई आल्या आणि आम्हा तिघांच्या मधोमध कोपऱ्यात बसल्या. बोटीचं मागचं अंग खाली गेलं, डावी बाजू पाण्याला टेकायला आली, आणि पुढं शेठचे पांढरे बूट वर उचलले गेले. त्यानं गादी दोन्ही हातांनी धरली.

जन्मात पहिल्यांदा मी भरलेलं ओझं उलाळ झालं. जुवाखालच्या बैलांसारखी माझीच मान ताठली. जावयानं वेग घेतला.

मागं पाणी उठलं. आधी फुगलं, मग त्याला धार आली, हिरवी, नांगराच्या तासासारखी, आणि ती तशीच उभी राहिली. लेक उठली. गुडघे वाकवले, हळूहळू ताठ झाली, आणि तिनं दोर सोडून दिला. दोर आमच्या पायांशी येऊन पडला. ती मात्र तिथंच, आमच्यापासून दोन हातांवर, लाटेवर उभी. लहानपणी कडब्याच्या गाडीवर उभी राहायची तेव्हा मी ओरडायचो. आता ओरडलो नाही.

आमच्या मंडळीनं डोळे मिटून घेतले होते. विहीणबाईंनी तिला कोपर मारलं. "अवो, पाहा तं! माह्या वजनावर उभी हाय माही सून!"

मी थोडा उजवीकडं सरकलो, सवयीनं. लगेच लाट पडायला लागली.

"बाबा, बसा खाली!" लेक लाटेवरून ओरडली.

"हलू नका हो, इवाईबुवा!" विहीणबाईंनी माझं जाकीट धरून मला परत कोपऱ्यात ओढलं. जावई मागं न पाहता हसत होता, ते त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

काठावर उतरल्यावर शेठनं बूट झटकले. बराच वेळ फोनवर बोलला. मग जावयाला म्हणाला, "चांगलं आहे. पण दर वेळी तुमच्या आईंना आणणार का?"

"नवी पिशवी मागवतो, शेठ," जावई म्हणाला.

"पाहू. विचार करून कळवतो." आणि गाडीत बसून गेला.

संध्याकाळी सगळे घरी जमलो. जावई म्हणाला, शेठ लोकांचं पाहू म्हणजे काही धरता येत नाही, ट्रकवाल्याला अजून थांबवून ठेवलं आहे. विहीणबाई म्हणाल्या, लागलं तर मी रोज येतो. आमची मंडळी पुन्हा देवासमोर बसली. मी जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातीला आंघोळ घालून, केस विंचरून, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नेलं. गुरुजींना सांगितलं, नाव घाला पहिलीत. गुरुजी म्हणाले, "पन हिचे मायबाप इथी राह्यनार का, बाबाजी? पक्कं झालं?" मी म्हणालो, "झालं." ते म्हणाले सही करा, मी सही केली. मग नातीला पहिल्या रांगेत बसवलं आणि मधली सुटी होईपर्यंत बाहेर ओट्यावर बसून राहिलो.